वयाची शपथ

बोलोन्या, सर्व संतांच्या सणानंतरचा तिसरा दिवस, सन १३३९

सिस्टर अगाता यांस,

सान मामोलो रस्त्यावर राहणारा, ग्रंथांची पानं रंगवणारा बित्तीनो, म्हणजे तुमचे वडील, यांचा आशीर्वाद. मठाच्या मदरनाही नमस्कार. हे पत्र आधी त्यांच्याच हाती पडणार, आणि तसंच असायला हवं.

काल बिशपांच्या कचेरीतला शिपाई घरी येऊन गेला. मला अलीकडे बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यानेच कागद वाचून दाखवला. त्यात म्हटलंय की तुम्ही अर्ज केला आहे. मठात घातलं तेव्हा आपल्याला बारावं वर्ष पूर्ण नव्हतं, आपल्याला कुणी काही विचारलं नाही, तेव्हा आपण कधी सिस्टर झालोच नाही आणि आपल्याला बाहेर सोडावं. शिपायाने हे दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. समोरच्या चांभाराने हातातलं काम थांबवून ऐकलं.

साक्षीला मला बोलावलंय, कारण तुमच्या वयाची शपथ मी घेतली होती.

सिस्टर अगाता, मी शपथेवर बारा वर्षं सांगितली होती. शपथ एकदा घेतली की माणसाला ती मागे घेता येत नाही. शिवाय तुझ्या आईने मरताना नवस बोलला होता की मुलगी देवाला देईन. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू काही बोलली नाहीस. तू तेव्हा बोलतच नव्हतीस.

माझं ऐक. अर्ज मागे घे. अकरा वर्षं झाली, तिथे तुला डोक्यावर छप्पर आहे, भिंतीआड शांतता आहे. बाहेर काय आहे? इथे आठ दिवस धुकं आहे आणि मी भर दुपारी दिवा लावून काम करतो. मी थकलोय, मिसीना. तुझं घरचं नाव अजून तोंडी येतं. या वयात मला न्यायाधीशासमोर उभं करू नकोस.

तुमचे वडील,
बित्तीनो


संत लुसियाचा दिवस

मिसीना,

तूता, तुमच्या मठाची भाजी आणणारी, काल तुझं उत्तर देऊन गेली. एक ओळ. ‘मला तिथे सोडलंत तेव्हा माझं वय किती होतं?’ वर नाव नाही, खाली सही नाही. अक्षर मात्र सरळ, एका रेषेत. कुणी शिकवलं माहीत नाही. मी तर नाही.

तूता म्हणाली, “मास्टर, ती उत्तराला थांब म्हणालीय.” मी म्हटलं, पत्र लिहून पाठवतो. ती म्हणाली, “असं म्हणतील हेही तिने सांगून ठेवलंय,” आणि टोपली उचलून निघून गेली.

विलानाने हे सगळं ऐकलं. विलाना, माझी दुसरी बायको. तू तिला पाहिलेलं नाहीस, कारण तू गेलीस त्यानंतर ईस्टर झाल्यावर ती या घरात आली. ती म्हणाली, “पोरीने एवढंच विचारलंय. आकडा सांगायला कितीशी शाई लागते?”

मी कामाला बसलो. हातात मोठं काम आहे. मेसेर लांबेर्तो म्हणून एक पंडित आहेत, चर्चचा कायदा शिकवतात, अजून दाढी पुरती पिकलेली नाही. त्यांच्यासाठी कायद्याचा थोरला ग्रंथ रंगवतोय. मधे दोन रकान्यांत मूळ मजकूर, चारी बाजूंनी भाष्याचं बारीक अक्षर, आणि प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी चित्रासाठी सोडलेली चौकट. छत्तीस प्रकरणं, छत्तीस भांडणं. लाच देऊन झालेला बिशप, दोन नवऱ्यांची बायको, खोटी साक्ष देणारा. लेखनिक चौकटीच्या कडेला माझ्यासाठी सूचना लिहून ठेवतो, कारण त्याला वाटतं मला लॅटिन कळत नाही. विसाव्या प्रकरणाशी त्याने लिहिलंय: ‘मठ. दोन बाप आपापला मुलगा आणतात. एक मुलगा राजी. एक नाराज.’

हे प्रकरण मी आजवर नऊ ग्रंथांत रंगवलंय. नऊही वेळा दोघा मुलांना एकच चेहरा दिला. गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नाही.

वयाचं म्हणशील, तर माणूस विसरतो. त्या हिवाळ्यात तू हिंगूळ खलायला शिकली होतीस. रंगात घालायला अंड्याचा पांढरा बलक फेटून पाणी गाळायचीस, माझ्यापेक्षा स्वच्छ. तुझी दुधाची दाढ हलत होती आणि तू दिवसभर ती जिभेने ढकलायचीस. एवढं आठवतं. वर्ष आठवत नाही.

थंडी फार आहे. पायांत दोन मोजे घालत जा.

बित्तीनो


तीन राजांच्या सणानंतरचा गुरुवार, सन १३४०

मिसीना,

निकाल लागेपर्यंत तुला मादोन्ना बार्तोलोमेया या विधवेच्या घरी ठेवलंय असं कळलं. म्हणजे तू इथून सहा रस्त्यांवर आहेस. साक्ष होईपर्यंत मी तुला भेटायचं नाही, असा कचेरीचा हुकूम आहे. खरं सांगायचं तर हुकूम ऐकून मला हायसं वाटलं.

आता तुझी पत्रं कुणी फोडत नाही. म्हणून लिहितो. तू विचारलंस त्याचं उत्तर: दहा वर्षं आणि चार महिने.

संत पेत्रोनियसच्या दिवशी तू जन्मलीस. मी विसरलो नव्हतो. विसरलो हे मी मदरसाठी लिहिलं होतं, थोडं माझ्यासाठीही. मठाला बारा पूर्ण झालेली आणि स्वतःच्या तोंडाने हो म्हणणारी मुलगी हवी होती. बारा मी सांगितलं. हो सुद्धा मीच म्हटलं. तू उभी होतीस, तुझ्या हातात मेणबत्ती होती, पाद्र्याने विचारलं आणि तू गप्प राहिलीस. मी म्हटलं, “पोर लाजतेय. तिचा होकार आहे.” पाद्र्याला दुसरीकडे जायचं होतं.

आणि नवस. तुझ्या आईने कसलाही नवस बोलला नव्हता. तिला देवाशी देवघेव करायची सवय नव्हती. ते मी रस्त्यात जुळवलं, मठाकडे जाताना.

तू विचारशील का केलंत. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. विलानाच्या वडिलांना पहिल्या बायकोची मुलगी घरात नको होती. माझा नाइलाज झाला. एकटा पुरुष, घरात मुकी पोरगी, चूल कधी पेटायची, कधी नाही. हे सगळं समजून घे.

साक्षीला काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. दहा सांगितलं तर मी खोटी शपथ घेणारा ठरतो. तसल्या माणसाला या गावात कायद्याचा ग्रंथ कोण देईल? मला दुसरं काही येत नाही. डोळे आहेत तोवर हे एक काम पुरं करावं, एवढंच मनात होतं.

उद्या विलाना हे पत्र घेऊन येईल. ती जरा तोंडाची तिखट आहे, मनावर घेऊ नकोस.

बित्तीनो


त्याच आठवड्यातला शनिवार

मिसीना,

आधीचं पत्र तुला उशिरा मिळालं असेल. हे आणि ते तू एकत्रच वाचते आहेस. कारण असं झालं.

विलानाला वाचता येत नाही. शुक्रवारी तिने झगा चढवला, डोक्याला कापड बांधलं आणि पत्र हातात घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, “वाचा.”

मी म्हटलं, “तिचं पत्र आहे.”

“नेणार मी आहे. काय नेतेय ते कळू दे. वाचा, आणि गाळू नका. तुम्ही गाळलंत की तुमचा आवाज बारीक होतो.”

मी वाचलं. तिच्या वडिलांच्या ओळीपाशी थांबलो, मग तीही वाचली. विलानाने डोक्याचं कापड सोडलं. मग अगदी हळू म्हणाली, “माझ्या बापाने तुम्हाला काय विचारलं होतं? मी आतल्या खोलीत होते. त्यांनी विचारलं, मुलगी केवढी आहे, हिला आई म्हणेल का. तुम्ही म्हणालात, ती देवाघरची झाली, तो प्रश्न उरला नाही. माझ्या बापाला वाटलं मुलगी मेली. त्यांनी टोपी काढली होती.”

मी म्हटलं, “एवढ्या वर्षांपूर्वीचं…”

“मला मूल झालं नाही, बित्तीनो. या घरात एक तयार मूल होतं. ते तुम्ही मी येण्याआधी देऊन टाकलंत. त्याबद्दल मी अकरा वर्षं एक शब्द काढला नाही. आता ते माझ्या नावावर खपवू नका.”

तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि शेंगांची आमटी ढवळायला गेली. पत्र नेलं नाही. म्हणाली, खरं लिहाल तेव्हा दोन्ही एकदम नेईन.

तर खरं लिहितो. तुला ते माहीतच आहे, तरी.

संत मार्टिनच्या सणाला एका मोठ्या ग्रंथाचं पहिलं पान द्यायचं होतं. आदल्या दिवशी मी ग्रंथवाल्याच्या दुकानात बसून त्या पानावर सोनं चढवत होतो. तुझ्या आईचं मूल पोटातच गेलं होतं आणि तीन दिवस ताप उतरत नव्हता. वैद्य दुकानापासून चार घरांवर राहायचा. माझा ओळखीचा होता, मी बोलावलं असतं तर आला असता, पोरीच्या निरोपावर आला नसता. तू सकाळी आलीस. “बाबा, सुईण म्हणतेय वैद्यांना घेऊन या.” मी म्हटलं, पानावरचा लेप ओला आहे, सोनं बसवून येतो. लेपावर हळू श्वास सोडायचा, तो दमट झाला की वर्ख टेकवायचा. वेळ चुकली की सोनं धरत नाही. हे तुलाही ठाऊक होतं, म्हणून तू मुकाट्याने गेलीस. दुपारी पुन्हा आलीस. मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर तू आली नाहीस. मी मनाशी म्हटलं, आली नाही म्हणजे बरं वाटत असेल. दिवे लागायच्या सुमारास घरी आलो तर सुईण तुझ्या आईच्या जिवाला वाट करून द्यायला खिडकी उघडत होती.

त्यानंतर तू बोलायची थांबलीस. कोपऱ्यात बसून रंग खलायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. जेवताना, काम करताना. तीन महिने. मला ते सोसेना. तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू घरात होतीस. म्हणून तुला दिलं. कुणी मागितलं नव्हतं.

विलानाला हे वाचून दाखवलंय. ती म्हणाली, “आता नेते.”

बित्तीनो


राखेच्या बुधवारचा आदला दिवस

मिसीना,

साक्ष झाली. तू शेजारच्या खोलीत होतीस असं मला नंतर कळलं. मधलं दार उघडं होतं की बंद, ते मी पाहिलं नाही. म्हणून सगळं सांगतो.

न्यायाधीश म्हातारे पाद्री आहेत, त्यांना सर्दी झाली होती. नोटरी माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा असेल. मी बायबलवर हात ठेवला आणि सांगितलं, दहा वर्षं चार महिने.

न्यायाधीशांनी नाक पुसलं. “मास्टर, तेव्हा तुम्ही बारा सांगितलंत. आज दहा सांगताय. यातली खोटी शपथ कोणती?”

“तेव्हाची.”

“आजची नाही कशावरून? मुलीची दया येऊन बाप काहीही बोलेल. मठाचे वकील हेच म्हणणार.”

“पुरावा आहे,” मी म्हटलं.

हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. तू जन्मलीस तेव्हा मी पोपच्या आज्ञापत्रांचा एक ग्रंथ संपवत होतो. शेवटच्या पानाच्या तळाशी द्राक्षाची वेल आहे. तिच्या एका पानाच्या पोटात, मुंगीएवढ्या अक्षरात मी लिहून ठेवलं होतं. आमच्यातले पुष्कळजण असं काहीबाही लिहितात, कधी दात दुखतोय, कधी दारू आंबट निघाली. तो ग्रंथ याच गावात थोरल्या चर्चच्या एका पाद्र्याकडे आहे. अकरा वर्षं मला धास्ती होती की कुणीतरी ते पान डोळ्याजवळ नेईल.

ग्रंथ आणवला. आणायला दुपार झाली. मला पान दाखवता आलं, अक्षर वाचता आलं नाही. नोटरीने खिडकीपाशी नेऊन वाचलं: ‘संत पेत्रोनियसचा दिवस, १३१८. आज मुलगी झाली. मिसीना. दोल्चे सुखरूप.’

तुझ्या आईचं नाव त्या खोलीत एका परक्याने घेतलं.

मग न्यायाधीशांनी विचारलं, “का केलंत?”

मी घरून उत्तर पाठ करून गेलो होतो. ते आठवलं नाही. मी म्हटलं, “ती माझ्याकडे बघायची.”

नोटरीने लेखणी थांबवली. “हे कसं लिहू?”

न्यायाधीश म्हणाले, “लिही, सबळ कारण नाही.”

मेसेर लांबेर्तोंना बातमी माझ्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. फार सभ्य माणूस. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, “मास्टर, तुमच्यासारखं निळं या गावात कुणाचं नाही. पण हेच विसावं प्रकरण मी मुलांना शिकवतो. ते पान वर्गात उघडायचं आणि ज्याने रंगवलं त्याने काय केलं हे प्रत्येकाला ठाऊक असायचं. मला ते जमणार नाही.” मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांचा नोकर सुट्या पानांची जुडी बांधून घेऊन गेला. विसाव्याची चौकट तशीच कोरी गेली. तीनदा कुंचला उचलला होता. राजी मुलाचा चेहरा लगेच जमायचा.

मला प्रायश्चित्त मिळालंय. उपवासाच्या चाळीस दिवसांत दर रविवारी चर्चच्या दाराबाहेर अनवाणी उभं राहायचं आणि सात वर्षं दर शुक्रवारी पाणी आणि पाव. विलाना म्हणते, पाव तरी ताजा खा, तसं काही लिहिलेलं नाही.

निकाल ईस्टरनंतर.

बित्तीनो


ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार

मिसीना,

निकाल विलानाने आणून सांगितला. कचेरीत जाऊन, पाठ करून आली. खरी बारा झाल्यावर मुलीला कुणी विचारलंच नाही, कारण मठाच्या वहीत ती चौदाची होती. विचारलंच नाही तर होकार कसला? मिसीना ही कधीही सिस्टर नव्हती. मठाने तिला तिच्या कपड्यांसह जाऊ द्यावं. विलाना हे म्हणत असताना बाजाराची पिशवी खांद्यावरून उतरवायलाही विसरली.

नंतर तिने तुझं पत्र काढलं. मी खिडकीपाशी नेलं. एवढं मोठं पत्र मला वाचवेना, म्हणून विलानाने समोरच्या चांभाराच्या सुनेला बोलावलं, ती वाचायला शिकलेली आहे. तुझं खासगी पत्र परक्या बाईच्या तोंडून ऐकलं, त्याची माफी असावी. ती चांगली आहे, कुठे बोलणार नाही. वाचताना मधेच थांबली आणि पाणी प्यायली.

तू लिहितेस: ‘तिसऱ्यांदाही मी आले होते. दुकानाच्या दारापर्यंत. दुपारी मी दार उघडलं तेव्हा वाऱ्याने वर्ख उडाला होता आणि तुम्ही ओरडला होतात. म्हणून दार ढकललं नाही. फटीतून तुम्ही पानावर वाकलेले दिसत होता. बराच वेळ उभी राहिले, मग परत गेले. घरी पोचले तेव्हा आई गेली होती. मी दार ढकललं असतं तर वैद्य आले असते. मला वाटायचं, तुम्हाला हे कुठून तरी कळलंय. मी तुमच्याकडे बघायची ती तुम्ही केव्हा बोलाल याची वाट बघत. तुम्ही बोलला नाहीत, मला मठात नेऊन सोडलंत. मला वाटलं, ही शिक्षा. म्हणून राहिले. गेल्या वर्षी वाटलं, आता पुरे झाली असेल. तेव्हा अर्ज केला.’

ओरडलो होतो हे माझ्या लक्षात नव्हतं. माझ्या आठवणीत मी तुला दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं होतं. गेले चार दिवस मी ती दुपार पुन्हा पुन्हा आठवून पाहतोय. उडालेला वर्ख मला दिसतो. पाठीमागे दारात उभी असलेली तू दिसत नाहीस. मी वळून पाहिलंच नसेल.

तू फाएन्झाला मावशीकडे जाणार, सूत रंगवायचं काम शिकणार, हे ठीक केलंस. मावशी तुझ्या आईसारखीच फटकळ आहे, पण तिच्या घरात कुणी गप्प बसत नाही. मला निरोप द्यायला येऊ नका म्हणतेस. येणार नाही. विलाना वेशीपर्यंत येईल म्हणते, तिला येऊ दे. तिने तुझ्यासाठी जाड कापडाचा झगा शिवलाय. माप विचारलं नव्हतं. म्हणाली, “दोनदा पाहिलंय तिला, पुरे आहे. उंच आहे, आणि तुमच्यासारखीच खांदे पाडून चालते.”

माझी काळजी नको. नवरीच्या पेट्यांची झाकणं रंगवतो. त्यावर मोठी मोठी फुलं असतात, तेवढं मला अजून दिसतं. माझ्याविषयी तुला काय वाटावं ते मी सांगणार नाही. तू लिहिलंस तर वाचून घेईन. नाही लिहिलंस तर समजेन.

फक्त एक गोष्ट. तिसऱ्यांदा दार ढकलायचं काम तुझं नव्हतं. मला माझं काम टाकून उठायचं होतं, पहिल्याच वेळी. तू जे अकरा वर्षं उचललंस ते माझं होतं, आणि मी ते तुझ्या अंगावर टाकून दार लावून घेतलं. तुझी चूक कुणीच धरलेली नव्हती. मला ती माहीतच नव्हती, आणि ती चूक नव्हती.

बिशपांच्या कचेरीत मी सांगितलं ते मठात घालतानाचं वय. त्याआधीचं त्यांनी विचारलं नाही, त्यांना त्याचं काम नव्हतं. म्हणून ते तुलाच लिहून देतो, तेवढ्याच शपथेवर. त्या दिवशी, दुकानाच्या दाराशी, तू दहा वर्षं, एक महिना आणि सहा दिवसांची होतीस.

बित्तीनो, स्वतःच्या हाताने